मागची नारिंगी सीट

माझ्या नवऱ्याला, कॅझ वोइटासला, एका जागी स्वस्थ बसता येत नाही हे मला लग्नाआधीच कळलं होतं. रविवारी चर्चमध्ये फादरचं प्रवचन चालू असताना हा पुढच्या बाकाची फळी अंगठ्याने दाबून बघायचा, कुठे खिळा ढिला झालाय का. आमच्या वायंडॉटमध्ये मोटारींच्या कारखान्यात कामाला जाणारे सगळेच पुरुष थोडेफार असे असतात. पाळी संपली तरी त्यांचे हात चालूच राहतात. म्हणून मी ते कधी मनावर घेतलं नाही. पण त्याची बहीण निघून गेल्यावर त्याच्यात जी तगमग शिरली ती वेगळी होती. ती हातातली नव्हती, पायातली होती.

बहिणीचं नाव मार्सेला. घरात सगळे मार्सी म्हणायचे. टेलिफोन कंपनीत नोकरी करायची. एकोणसत्तर सालच्या पानगळीत, बावीस वर्षांची असताना, तिने स्वतःच्या पगारावर नवी कोरी गाडी मागवली, आणि तीही साधी नाही. प्लिमथची बॅराकुडा, दोन दारांची, बसकी, मोठ्या इंजिनाची. टवाळ पोरं सिग्नलला शेजारी उभं राहून गुरगुरवतात ना, तसली. बाहेरून गडद हिरवी. इथपर्यंत सासऱ्यांनी दात आवळून ऐकून घेतलं. मग तिने आतला रंग सांगितला.

कंपनी त्या रंगाला जळका नारिंगी म्हणायची. भोपळा भट्टीत जरा जास्त राहिला की त्याच्या कडेला जो रंग धरतो, तो. सीटचं रेक्झिन त्याच रंगाचं, दारांच्या आतल्या बाजूही त्याच रंगाच्या. दुकानातल्या विक्रेत्याने तिला समजावून पाहिलं. "बाई, उद्या विकायला काढाल तर कोणी हात लावणार नाही. काळा घ्या. काळा कशातही खपून जातो."

"मग तो बाकीच्यांना द्या," मार्सी म्हणाली.

कॅझ तेव्हा हॅमट्रॅमिकच्या कारखान्यात गाड्यांमध्ये सीटा बसवायच्या कामावरच होता. तो सांगायचा, "दिवसभर काळी, काळी, पांढरी, परत काळी, मधूनच एखादी निळी. नारिंगी आली की पोरं हातातला पाना ठेवून बघायची. आणि हिरव्या गाडीत नारिंगी? ती आली तेव्हा फोरमनला वाटलं, कोणीतरी चुकलंय. माझ्याच बहिणीची आहे म्हटल्यावर हसून हसून मेले सगळे."

गाडी दारात आली त्या दिवशी सासरे तिच्याभोवती फिरले, काचेतून आत वाकून पाहिलं आणि म्हणाले, "बाहेरून टरबूज, आतून भोपळा. गाडी आहे का भाजीचं दुकान?"

त्या हिवाळ्यात मार्सीने बर्फ काढायचं फावडं मागच्या सीटवर फेकलं आणि रेक्झिन बोटभर फाटलं. ते शिवलं सासूबाईंनी. उशांच्या अभ्र्यांवर त्या एक माशाच्या काट्यासारखा टाका घालायच्या, तोच तिथे घातला. दोरा डब्यात होता तो, मूळ रंगापेक्षा लालसर. मार्सी म्हणाली, "मा, ऑपरेशन झाल्यासारखं दिसतंय." सासूबाई म्हणाल्या, "झालंच आहे. जगेल आता."

बहात्तरच्या वसंतात, एका रविवारी, मार्सी चर्चमधून आली, जेवली, ताटल्या विसळल्या, म्हणाली, "जरा फिरून येते," आणि गेली ती आलीच नाही. त्या दिवशी भांडण झालं नव्हतं. त्यानंतर टेनेसीहून एक चित्राचं कार्ड आलं, "मी बरी आहे" एवढंच. आणखी एक आलं. मग काहीच नाही. पोलीस म्हणाले, सज्ञान बाई, स्वतःची गाडी, स्वतःची मर्जी. सासरे म्हणाले, "गाडीने बिघडवलं तिला." नाताळच्या आदल्या संध्याकाळी आम्ही पोलिश लोक एक ताट जास्तीचं मांडतो, कोणी वाटसरू आला तर म्हणून. सासूबाई जेवायला बसल्या की त्या ताटावरून त्यांची नजर हलत नसे.

कॅझने शोध धरला तो असा. बाई लपू शकते, नाव बदलू शकते, लग्न करू शकते. पण हिरव्या बॅराकुडात नारिंगी सीट लपत नाही. पुढे पुढे या जुन्या दणकट गाड्यांची क्रेझ आली, त्यांचे मेळावे भरू लागले, सुट्या भागांचे बाजार भरू लागले, आणि माझ्या नवऱ्याला हिंडायला कारण मिळालं. ओहायो, केंटकी, इलिनॉय. बाकीचे पुरुष उघड्या बॉनेटमध्ये डोकं घालून उभे असायचे. हा मात्र काचेला हाताचा आडोसा करून आत बघायचा. एकदा कोलंबसला एका पांढऱ्या गाडीत नारिंगी सीटा सापडल्या, एकदा लेक्सिंग्टनला एका पिवळीत. दर वेळी हा परवानगी मागून मागच्या सीटवर आडवा व्हायचा आणि डाव्या कोपऱ्यात टाका आहे का बघायचा. मग परत येऊन माझ्या शेजारी बसायचा.

"रंग?" मी विचारायची.

"रंग तोच. ती नव्हे."

माझ्या सगळ्या सुट्ट्या अशा गेल्या. मी एकदा म्हटलंही, "तुझी बहीण फिरली नसेल इतके मैल मी फिरले तिच्यापायी." त्याला ते लागलं. दोन दिवस बोलला नाही, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला, "पेओरियाला एक मेळावा आहे."

शहाण्णवच्या जुलैत आम्ही फोर्ट वेनला गेलो होतो. जत्रेच्या मैदानावर रांगाच रांगा, ताडपत्र्यांवर मांडलेले बंपर, दिवे, स्टिअरिंग. ऊन असं की लोखंडाला हात लावला तर भाजेल. मी सावलीत लिंबूपाणी पीत होते. कॅझ एका रांगेच्या टोकाला गेला, आणि मला दिसलं की तो खाली बसला. वाकला नाही, सरळ गवतावर बसला. मला वाटलं ऊन लागलं. मी धावत गेले.

त्याच्यासमोर ताडपत्रीवर एक मागची सीट होती. नारिंगी. इतकी वर्षं झाली तरी रंग ताजा होता, जणू तिने ऊन पाहिलंच नव्हतं. आणि डाव्या कोपऱ्यात, बोटभर, माशाच्या काट्यासारखा टाका. लालसर.

दुकानदार डेल्बर्ट नावाचा जाडा, हसरा माणूस होता. त्याला वाटलं गिऱ्हाईक भाव पाडायला नाटक करतंय.

"तो टाका सोडला तर चकाचक आहे हो," तो म्हणाला. "हा रंग शोधून सापडत नाही. एकेकाळी लोक ह्याला नावं ठेवायचे. रंगवून काळ्या केल्या सगळ्यांनी. आता त्यासाठीच मारामारी करतात. ही हिरव्या गाडीतली आहे, खरं सांगतो. हिरव्यात नारिंगी. ऑर्डर देणारा प्यायलेला असणार."

"प्यायलेली नव्हती," कॅझ म्हणाला. "कुठे मिळाली तुम्हाला?"

डेल्बर्टने त्याचा चेहरा पाहिला आणि हसणं आवरलं. सीट त्याने ओडेल प्रूइट नावाच्या माणसाकडून घेतली होती, खाली व्हिन्सेन्सच्या अलीकडे. गाडी त्या ओडेलकडेच होती.

आम्ही सीट घेतली, ट्रकच्या मागे टाकली, वर माझी घोंगडी पांघरली आणि तसेच निघालो. मी म्हटलं आधी काहीतरी खाऊ, तर म्हणाला गाडीत खा. इंडियाना अख्खं उभं कापत गेलो. दोन्ही बाजूंना मक्याशिवाय काही नाही. कॅझ रेडिओ लावायचा, बंद करायचा. काच खाली, काच वर.

"सापडली तर काय बोलणार आहेस?" मी विचारलं.

"आधी सापडू दे."

"ती मेलेली असली तर, कॅझ?"

"मला माहीत आहे," तो म्हणाला. त्याने काच परत खाली केली. "ते मी धरूनच चाललोय."

ओडेल प्रूइट उंच, वाळका, हळू बोलणारा माणूस होता. शेतातल्या कोठारात त्याने तीन-चार गाड्या उभ्या केल्या होत्या. बॅराकुडा अगदी मागे होती. हिरवा रंग उडून शेवाळासारखा झाला होता. कॅझने सवयीने काचेला हात लावून आत पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला.

"ही काळी आहे," तो म्हणाला.

"वरून काळी आहे." ओडेलने एक फडकं पातळ रसायनात बुडवलं, दार उघडलं आणि ड्रायव्हरच्या सीटच्या कडेला घासलं. फडकं काळं झालं. खालून नारिंगी निघाली, आधी चिमूटभर, मग तळहाताएवढी. "रंगाऱ्याने फवारून दिलेली आहे. निघते. वेळ खाते, पण निघते. मला वाटलं खाली निळी असेल. हे पाहिलं आणि दोन दिवस जेवण गेलं नाही."

"कोणी केली काळी?"

"ज्यांच्याकडून घेतली त्या बाईंनीच. मूळ मालकीणच त्या. मार्सी नाव त्यांचं. मागची सीट तेवढी काढून त्यांनी पोटमाळ्यावर ठेवली होती, तिला फवारा लागला नव्हता. मला ती दुसऱ्याच गाडीची वाटली. मी गाढव, आत काय आहे कळायच्या आधीच ती डेल्बर्टला देऊन बसलो."

कॅझने त्याच्या हातातलं फडकं घेतलं आणि सीट घासायला लागला. ओडेलने माझ्याकडे पाहिलं.

"ह्यांची बहीण ती," मी म्हटलं. "आहे का ती?"

"आहे म्हणजे? व्हिन्सेन्सला शाळेची बस चालवतात. आता सुट्ट्या आहेत. दोन वर्षांपूर्वी गुडघा गेला, बाई, या गाडीत वाकून बसवेना, म्हणून विकली." तो थांबला. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

कॅझने घासणं थांबवलं नाही. "चालवतात, म्हणालात," तो म्हणाला. "म्हणजे आत्ता. या वर्षी."

"सप्टेंबरात शाळा उघडली की परत चालवतील."

मला वाटलं होतं की एकदा पत्ता हातात आला की हा माणूस बाणासारखा जाईल. पण व्हिन्सेन्समध्ये शिरल्यावर तो गोल गोल फिरायला लागला. नदीवरच्या पुलावर गेला आणि परत आला. ती गल्ली आली की वेग वाढवायचा. तिसऱ्यांदा तिच्या घरावरून पुढे गेला तेव्हा मी दाराच्या कडीला हात घातला.

"थांबव. नाहीतर मी चालत्या गाडीतून उतरते."

"तू काहीही करशील."

"तुझ्याबरोबर इतकी वर्षं हिंडले, त्यापेक्षा जास्त वेडेपणा काय करणार?"

त्याने ट्रक थांबवला.

घर छोटं, पांढरं. पायऱ्यांवर एक बाई जाळीचं दार मांडीवर आडवं घेऊन त्यात नवी जाळी ठोकत होती. दणकट दंड, आखूड पिकलेले केस, एका गुडघ्याला पट्टा. तिने वर पाहिलं. तोंडातले दोन खिळे काढून हातात घेतले.

"कॅझी," ती म्हणाली. "केस गेले की रे तुझे सगळे."

"मा गेली," कॅझ म्हणाला. इतकी वर्षं पाठ केलेलं काहीतरी त्याला बोलायचं असणार, पण तोंडातून हेच निघालं.

"माहीत आहे."

"पप्पाही."

"तेही माहीत आहे. बसा. ही लोर्ना ना? लग्नात बारीक होतीस."

"तूही होतीस," मी म्हटलं. ती हसली. हसताना अगदी सासूबाई दिसली, आणि मी तिच्याशेजारी पायरीवर बसले.

कॅझ बसला नाही. "तुला कसं माहीत?"

मार्सीने दार भिंतीला टेकवून ठेवलं. "गावचा पेपर मी टपालाने मागवायचे, त्यात वाचलं. माच्या दफनाला मी आलेही होते. दफनभूमीच्या फाटकासमोर गाडी लावून बसले होते. आत येणार होते. मग तुम्ही सगळे बाहेर आलात आणि तू सरळ माझ्या गाडीकडे चालत आलास."

कॅझचा चेहरा बघवेना. "हिरवी गाडी होती," तो माझ्याकडे वळून म्हणाला. "तुला मी सांगितलं नाही. पावसात उभी होती. मी मागच्या काचेतून बघितलं."

"मी पुढे सीटवर आडवी झाले होते," मार्सी म्हणाली. "मागे सीट नव्हती, नुसते खोके. तू दाराची आतली बाजू पाहिलीस, काळी. आणि वळून गेलास. तुझे बूट चिखलात वाजत होते ते ऐकू येत होते मला."

"पुढे एक पाऊल टाकलं असतं तर."

"हो. आणि मी उठून बसले असते तरी."

समोरच्या घरातला कुत्रा उगाच भुंकत होता. मग कॅझने विचारलं ते, ज्यासाठी आम्ही इतकी राज्यं पालथी घातली होती. "का गेलीस?"

"फिरायला गेले होते."

"मार्सी."

"खरंच सांगते. टोलीडोपर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढंच डोक्यात होतं. टोलीडो आलं. म्हटलं, आणखी थोडं."

"पप्पा काही बोलले होते? कोणी माणूस होता?"

"पप्पा सगळ्यांवरच ओरडायचे. त्यासाठी कोणी घर सोडत नाही. माणूस नंतर एक होता, टिकला नाही." तिने गुडघा हाताने सरळ केला. "तू काहीतरी मोठं शोधत आला आहेस, कॅझी. माझ्याकडे तसलं काही नाही. मला तिथे बसवत नव्हतं. कुठेच बसवत नव्हतं. नॉक्सव्हिलला राहिले, मेम्फिसला राहिले, खाली गल्फच्या किनाऱ्यावर कोळंबी सोलली. या गावात राहिले ते गुडघ्यामुळे."

"एक फोन करायचा."

"पहिल्या आठवड्यात केला असता तर सोपं होतं. फिरायला गेले, जरा लांब गेले, सॉरी. मग महिना झाला, मग वर्ष. जितकं लांबलं तितकं मोठं कारण सांगावं लागणार होतं. आणि कारणच नव्हतं. नुसतं 'जावंसं वाटलं' म्हणून आईला फोन कसा करायचा?"

कॅझ अंगणात गेला, कुंपणापर्यंत, परत आला. परत गेला. मला त्या चालीची सवय होती. मार्सीलाही ती ओळखीची असावी. तीही उठून उभी राहिली, पायरीवरून उतरली, परत चढली. दोघं भाऊबहीण एकाच लयीत येरझाऱ्या घालत होते, तो अंगणात, ती पायरीवर, आणि मधे मी.

"रंग का घालवलास?" त्याने कुंपणाजवळूनच विचारलं.

"तो? तो मला सहा महिन्यांत नकोसा झाला होता. उन्हात डोळे दुखायचे. पप्पांना दाखवायचं म्हणून वापरत राहिले. आणि घर सोडल्यावर तर जिवाला त्रास. पेट्रोल भरायला थांबलं की कोणीतरी यायचंच. बाई, आत केवढं नारिंगी, कुठून आलात, कुठे निघालात. मला कोणाला काही सांगायचं नव्हतं. पहिले पैसे साठले तशी काळी करून घेतली. लोकांनी बघायचं सोडलं."

"मी चोवीस वर्षं नारिंगी शोधत होतो," कॅझ म्हणाला.

"मागची सीट मी रंगवू दिली नाही," मार्सी म्हणाली. "तो टाका होता ना."

"ती विकलीस की."

"विकली नाही, दिली. ओडेलने विचारलं मागची सीट कुठे आहे, मी म्हटलं माळ्यावर आहे, ने. सीट आहे ती, कॅझी. मा नाही."

तेव्हा तो बोलला, आणि हलक्या आवाजात बोलला म्हणून जास्त लागलं असणार. "मा दर नाताळला त्या जास्तीच्या ताटाकडे बघत बसायची. मरेपर्यंत."

मार्सीने खाली पाहिलं. "हो," ती म्हणाली. "बसली असणार." तिने हातोडी उचलली, ते दोन खिळे तोंडात धरले आणि जाळी ठोकायला लागली. एक खिळा वाकला. कॅझने जाऊन दाराची दुसरी कड धरली.

रात्री आम्ही तिच्याकडेच राहिलो. तिने डुकराच्या मांसाचे पातळ तळलेले तुकडे पावात घालून दिले. ताटलीबाहेर येतील एवढे. जेवताना ते दोघं शेजारच्या जुन्या लोकांची नावं घेत होते. कोण मेलं, कोण फ्लोरिडाला गेलं. सकाळी निघताना मिठी मारायची का नाही हे दोघांनाही ठरवता आलं नाही. त्याने तिच्या खांद्यावर थाप मारली. तिने त्याच्या टकलावर हात फिरवला.

वाटेत मला वाटलं होतं, संपलं एकदाचं. सापडली, जिवंत आहे, बरी आहे. पण घरी आल्यावर तो आणखीच बिथरला. ती सीट त्याने काचेच्या ओसरीत आणून ठेवली. तिच्यावर बसायचा नाही, दुसऱ्या कोणाला बसू द्यायचा नाही. अर्ध्या जेवणातून उठायचा. मी विचारलं, "आता काय शोधतोयस?" तर म्हणाला, "काही नाही. तेच तर."

ऑगस्टात ओडेलचा फोन आला. तो गाडी मूळ रंगात आणत होता. सीट परत द्याल का, असं त्याने फार अदबीने विचारलं. मला वाटलं कॅझ नाही म्हणेल. त्याने सुट्टी टाकली, सीट ट्रकमध्ये घातली आणि घेऊन गेला. आणि तिथेच राहिला. ओडेलच्या कोठारात एका स्टुलावर बसून काळा रंग घासून काढत राहिला. शिवणींमधला दात घासायच्या ब्रशने. मी शनिवारी गेले तेव्हा त्याच्या नखांत काळं भरलेलं होतं आणि तो शीळ घालत होता.

मार्सी तिथे अधूनमधून यायची. बस तपासायला गॅरेजमध्ये न्यावी लागायची, त्या वाटेवर. मी होते त्या दिवशीही आली. दारातून उघडी पडलेली पुढची सीट पाहिली आणि डोळे बारीक केले.

"अजूनही खुपतो," ती म्हणाली.

"तुला कोणी बसायला सांगितलंय?" कॅझ म्हणाला.

ओडेलला गाडी पुढच्या वर्षी मोठ्या मेळाव्यात न्यायची होती. परीक्षक सगळं मुळासारखं आहे का बघतात. त्याने टाक्यावर बोट ठेवलं. "एवढा कोपरा बदलावा लागेल. दुसऱ्या सीटचं जुनं रेक्झिन मिळालंय, बेमालूम बसेल. हा असला टाका बघितला की परीक्षक गुण कापतात."

मला वाटलं आता भांडण होतं. कॅझने ब्रश खाली ठेवला आणि बहिणीकडे पाहिलं. बहिणीने त्याच्याकडे.

"गाडी तुमची आहे," मार्सी ओडेलला म्हणाली. "पण ते बाईने हाताने शिवलंय. गुण कापणाऱ्याला एकदा तसं शिवून दाखवायला सांगा."

ओडेलने डोकं खाजवलं. बराच वेळ खाजवलं. शेवटी त्याने टाका राहू दिला. वसंतातल्या मेळाव्यात त्या गाडीला काहीच मिळालं नाही, पण तिच्याभोवती दिवसभर गर्दी होती. हिरव्यात नारिंगी बघायला लोक दुसऱ्या रांगा सोडून येत होते आणि ओडेल प्रत्येकाला तेच तेच सांगून थकला नाही.

त्यानंतर मेच्या अखेरीला मार्सी आमच्याकडे आली. न कळवता, एका छोट्या ट्रकमधून, दुपारच्या वेळी. मी कोबीच्या पानांत खिमा-भात भरून वळकट्या करायला घेतल्या, मोठं भांडं भरून, कारण मला वाटलं आठवडाभर तरी राहील. आम्ही राहतो ते सासऱ्यांचंच जुनं घर. ती घरभर फिरली. वडिलांच्या खोलीत गेली, तळघरात गेली. सासूबाईंचं शिवणाचं मशीन होतं त्या कोपऱ्यात उभी राहिली, तिथे आता कपडे सुकवायचं यंत्र आहे. संध्याकाळी दोघं नदीवर गेले आणि नुसते हिंडून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर तिची पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती.

"निघालीस?" मी म्हटलं. मला राग आला होता, लपवला नाही. "कालच तर आलीस."

"मला झोप लागली नाही, लोर्ना. छताकडे बघत होते."

"मग आज लागेल."

"नाही लागणार." ती ओशाळली होती, पण पिशवीचा पट्टा तिने सोडला नाही. "मी येते परत. खरंच येते. पण आत्ता जाऊ दे."

मी कॅझकडे पाहिलं, हा काही बोलेल म्हणून. तो उठला, तिची पिशवी उचलून ट्रकमध्ये ठेवली, चारी चाकांना बुटाचं टोक मारून हवा पाहिली. मागच्या उजव्या चाकात कमी वाटली, तेव्हा गॅरेजमधून पंप आणला आणि भरली. कधी येशील असं त्याने विचारलं नाही.

"कोपऱ्यावर खड्डा आहे," तो म्हणाला. "डावीकडून घे."

मी आत गेले, भांड्यातल्या अर्ध्या वळकट्या एका डब्यात भरल्या, झाकण दाबून बसवलं आणि तशीच चपला फटकावत बाहेर आले. तिने इंजिन चालू केलं होतं. मी डबा खिडकीतून आत दिला आणि म्हटलं, "गरम करून खा, थंड खाऊ नकोस." तिने डबा शेजारच्या सीटवर ठेवला, हलवून पाहिला, मग सीटचा पट्टा ओढून त्याला बांधला आणि गाडी रस्त्यावर घेतली.